डॉलरला घडी घालू नका

सयामा न्वे यींनी माझं जेवढं नुकसान केलंय, तेवढं माझ्या दारूनंही केलेलं नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. त्या म्हणाल्या, "थाऊन, तुला पाचवीत भूगोलात नऊ मार्क होते. तुझं नुकसान तिथेच झालंय."

सयामा म्हणजे शाळेतल्या बाई. एकतीस वर्षं त्यांनी मोलम्याइनच्या शाळेत भूगोल शिकवला, पट्टीनं हात सुजवले, आणि निवृत्त झाल्यावर नदीकाठच्या गेस्टहाउसच्या टेबलामागे येऊन बसल्या. मालक यांगूनला. इथलं सगळं सयामांच्या हातात. मी त्या दारात साइडकार लावून उभा असतो. साइडकार म्हणजे सायकलच्या कुशीला जोडलेल्या दोन बैठकी, एक पुढे तोंड करून, एक मागे. परदेशी माणूस उतरला की जेटी कुठे आणि स्टेशन कुठे हे त्याला ठाऊक नसतं, आणि ज्याला काही ठाऊक नसतं त्याच्याच कृपेनं आमच्या घरी कधीमधी कोंबडी शिजायची. पण सयामांनी डोक्यामागच्या भिंतीवर पाहुण्यांसाठी एक फळा लावला आणि कोंबडी गेली.

फळ्याची पहिलीच ओळ माझ्या पोटावर. "जेटीपर्यंत साइडकार पाचशे च्याट. जास्त मागितले तर हसा आणि चालू लागा." लोक खरंच हसायचे आणि चालू लागायचे! खाली बारीक अक्षरात बाकीचं शहाणपण. फा-आन गावाला बोटीनं चार तास, बसनं दोन. नदी बघायची तर बोट, पोचायचं तर बस. बस भरल्याशिवाय सुटत नाही. घाई असेल तर रिकाम्या जागांचे पैसे भरा, ड्रायव्हरवर ओरडू नका. या देशात तुमचं कार्ड म्हणजे पुठ्ठा. जेवढं आणलंय तेवढंच तुमचं. आणि सगळ्यात शेवटी लाल खडूनं, दोनदा गिरवून: "डॉलरला घडी घालू नका."

ती गोष्ट गमतीची नव्हती. त्या साली परदेशी कार्डावर पैसे देणारं यंत्र आख्ख्या देशात एकही नव्हतं. जो तो डॉलर घेऊन यायचा, आणि आमच्याकडे डॉलर लागायचा तो कोरा करकरीत. घडीची रेघ दिसली, कोपरा दुमडला, पेनाचा ठिपका लागला, की डॉलर बदलून देणारा सोनार ती नोट मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरून परत करणार. विमानाच्या कचेरीतही तेच. असं का, ते मला विचारू नका. आमच्यात कुणी विचारत नाही.

ज्या बाईनं दुनियेला रस्ते सांगितले ती स्वतः यांगूनच्या पुढे कधी गेली नव्हती. आयुष्यात एकच हौस. बोधगयेला जायचं, त्या पिंपळाखाली डोकं टेकायचं. दर वर्षी तबाउंग महिन्याच्या पौर्णिमेला यांगूनच्या यात्रा कंपनीचा माणूस यायचा आणि पैसे घेऊन नावं लिहून न्यायचा. माणशी आठशे डॉलर, अर्थातच सपाट. सयामांनी अकरा वर्षं शंभराची एकेक नोट जमवली होती. कुठे ठेवल्यात ते कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. टेबलामागे बोधगयेच्या देवळाचं चित्र टांगलेलं होतं, त्याला त्या रोज हात जोडायच्या आणि धूळ स्वतः पुसायच्या. त्या वर्षी आठवी नोट जमली. पौर्णिमा नऊ दिवसांवर होती.

तेव्हाच इलोना आली. हंगेरीची, पन्नाशी उलटलेली, एकटीच. लग्नाचे झगे शिवायची. पहिल्याच दिवशी पैसे द्यायला तिनं सदऱ्याखालचा कापडी पट्टा काढला आणि सयामा किंचाळल्या.

"अहो बाई! घाम बघा किती! दोन दिवसांत लगदा होईल त्यांचा. आणा इकडे."

शंभराच्या पाच नोटा होत्या. इलोनानं त्या भाबडेपणानं देऊन टाकल्या. सयामांनी त्या पुस्तकांच्या फडताळात ठेवल्या.

आता हे फडताळ नीट समजून घ्या. प्रवासी वाचून झालेलं पुस्तक तिथे ठेवायचे आणि दुसरं घेऊन जायचे. त्यात मधमाश्यांचं चित्र असलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, फिनलंडच्या भाषेतलं. चार वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता. नोटा त्याच्याच पानांत गेल्या. सयामांच्या मते ती गावातली सगळ्यात सुरक्षित जागा. "कुलूप म्हणजे चोराला पत्ता सांगणं," त्या म्हणायच्या. शिवाय नोट सपाट राहते आणि झडती घ्यायला कुणी आलं तरी फडताळाकडे बघत नाही. कारण आमच्यासारख्याच्या हातात पावतीशिवाय डॉलर सापडला तर थेट तुरुंग होता.

चौथ्या दिवशी सकाळी सातला इलोनानं सयामांचं दार वाजवलं. उजव्या डोळ्यात विजा चमकतायत म्हणाली, आणि कडेनं काळा पडदा वर चढतोय. सयामांनी तिला तशीच दवाखान्यात नेलं. मला नेमकं तेव्हाच जेटीचं गिऱ्हाईक मिळालं होतं, म्हणून त्या दुसऱ्याच्या साइडकारनं गेल्या. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

त्या परत आल्या तेव्हा दहा वाजत आले होते. इलोनाच्या डोळ्यावर पट्टी. तिला खोलीत निजवून सयामा बाहेर आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "डोळ्यातला पडदा सुटायला लागलाय. इथे काही होत नाही. बँकॉकला शस्त्रक्रिया करायला हवी, उद्याच्या उद्या. मधोमध पोचला तर डोळा गेला."

"मग?"

"संध्याकाळच्या साडेसहाच्या बसनं यांगून, सकाळचं विमान. तिकिटाचे पैसे रोख. बरं झालं मी तिच्या नोटा सांभाळल्या."

आणि त्या फडताळाकडे वळल्या.

कप्प्यांवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. मग त्यांनी एकेक पुस्तक काढून जमिनीवर ठेवायला सुरुवात केली. मी विचारलं, काय शोधताय.

"मधमाश्यांचं पुस्तक."

ते पुस्तक मी पाहिलं होतं. सकाळी साडेसातला, माझ्याच साइडकारमध्ये! आदल्या रात्री गेस्टहाउसात उतरलेला लाल तोंडाचा, ताडमाड उंच पोरगा, वेइक्को नावाचा. ते पुस्तक छातीशी धरून बसला होता आणि सारखा मला दाखवत होता. माझी भाषा, माझी भाषा, म्हणत होता. त्याचे वडील मधमाश्या पाळतात म्हणे. मी त्याच्याकडे दीड हजार मागितले, तो हसला आणि चालू लागला, म्हणून पाचशेत नेला. त्या रागात मी पुस्तकाकडे नीट बघितलंही नव्हतं.

"सयामा," मी म्हटलं, "तो फा-आनच्या बोटीत बसला. आठच्या."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पोलिसांत जायची सोय नव्हती. बोटीला फोन नव्हता. त्या दिवशी गेस्टहाउसात दुसरा कुणी पाहुणाही नव्हता की त्याच्याकडे हात पसरावा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या आठ आहेत ना..."

"त्या बुद्धाला बोललेल्या आहेत," त्या म्हणाल्या. आणि मग उठल्या. "बोट चार तास. बस दोन. ऊठ!"

बस सव्वादहाला स्टँडवर उभी होती आणि आत निम्मी माणसं. ड्रायव्हर चाकाशी उकिडवा बसून पान चघळत होता.

"कधी सुटणार?"

"भरली की."

"किती जागा आहेत?"

"सात."

सयामांनी सात जागांचे पैसे काढून त्याच्या हातावर ठेवले. स्वतःच्या पाकिटातले. मी म्हटलं, "सयामा, सात? अहो, घासाघीस तरी करा. चार म्हणा."

"फळ्यावर काय लिहिलंय?"

"तो फळा परदेश्यांसाठी आहे!"

"आज मीच परदेशी आहे. बस गप."

बस सुटली. ती दोन तासांची वाट मला अजून आठवते आणि अजून घाम फुटतो. सयामा काठावर बसून होत्या, हातात रिकामी कापडी पिशवी. मला एकच चित्र दिसत होतं. पोरगा बोटीच्या टपावर बसलाय, पुस्तक उघडतोय, आणि नदीवर वारा सुटलाय. पाच नोटा. एक फडफड आणि खलास. मी ते बोललोही.

"सयामा, बोटीवर वारा असतो."

"माहितीय."

"त्यानं नेमकं ते पान उघडलं तर..."

"थाऊन, तू पुढचा शब्द बोललास तर मी तुला या खिडकीतून फेकीन."

अर्ध्या वाटेवर नाका लागला. सगळ्यांना खाली उतरवलं, ओळखपत्रं काढा म्हणाले. सयामा घाईत ओळखपत्राशिवाय निघाल्या होत्या. शिपाई कोवळा होता, पण बंदूक कोवळी नसते.

"कुठे निघाला, आजी?"

"जेटीवर. एक पाहुणा पुस्तक विसरलाय," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नसली की माणूस उलटंच बोलतं.

"पुस्तकासाठी दोन तास बसमध्ये?"

"मी मास्तरीण आहे. पुस्तकासाठी मी याहून लांब गेलेय."

त्यानं त्यांना नखशिखांत न्याहाळलं. मग दुसऱ्याला बोलावलं. त्या दुसऱ्यानं वही काढली, नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आजोबांचं विचारलं. पंचवीस मिनिटं गेली. मी मनातल्या मनात बोट धक्क्याला लागताना बघत होतो. बसमधली माणसं आमच्याकडे अशी बघत होती की जसं काही आम्हीच नाका बांधला.

फा-आनला पोचायला एक वाजला. सयामा सत्तरीच्या, पण जेटीपर्यंत त्या माझ्या पुढे धावल्या. धक्का रिकामा. मी एका हमालाला विचारलं, मोलम्याइनची बोट येऊन गेली का.

"कुठली येतेय? पाणी उतरलंय. वाळूत अडकली असेल कुठेतरी."

मी जन्मात कधी वाळूला नमस्कार केला नव्हता. त्या दिवशी केला.

पाऊण तास आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. मग वळणावर बोट दिसली. वेइक्को सगळ्यांच्यात डोकं वर काढून उभा होता आणि पुस्तक काखेत होतं. सयामांनी माझं मनगट धरलं. पाचवीनंतर पहिल्यांदाच त्यांनी मला हात लावला.

पोरानं आम्हाला बघितलं आणि लांबूनच हात हलवला. उडी मारून धक्क्यावर आला.

"सयामा! तुम्ही इथे! अहो, या पुस्तकात पैसे होते! मी तुम्हाला फोन करणारच होतो. मला कळलंच, कुणीतरी विसरलंय." तो इतका आनंदात होता की बोलता बोलता सदरा वर करायला लागला. "काळजी नको. पुस्तकातून उडून गेले असते. मी एकदम सुरक्षित ठेवलेत."

त्यानं पोटावरचा पट्टा उघडला आणि त्यातून नोटा काढल्या. पाचही होत्या. चौघडी घातलेल्या, घामानं ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

मी तोंड उघडलं ते मिटेचना. "अरे बैला! फळा वाचला नाहीस का रे? तेवढे माझे पाचशे बरोबर वाचता आले तुला! लाल अक्षरं दिसली नाहीत, डोळे होते का बटणं?"

"हा काय म्हणतोय?" पोरानं विचारलं.

"म्हणतोय, तू प्रामाणिक मुलगा आहेस," सयामा म्हणाल्या. आणि मग त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "आणि ते खरंच आहे."

मी म्हटलं, याच्या स्वतःच्या नोटा घ्या बदल्यात. याला काय, याच्या देशात घडी चालते. सयामांनी विचारलं. त्याच्याकडे तीन उरल्या होत्या, त्याच पट्ट्यात, त्याच घडीत. आता तो घाबरला. आणि बघा, ही बाई अशी की तशाही वेळी तिनं त्याला बाजारातल्या एका तांदूळवाल्याचा पत्ता दिला. तो मुरडलेली नोट कमी भावात घेतो, पण सकाळीच जा, दुपारी तो चिडका असतो. पोरगा पुस्तक परत द्यायला लागला. "ठेव तू," त्या म्हणाल्या. "चार वर्षं ते तुझीच वाट बघत होतं."

परतीच्या बसमध्ये त्या नोटा पिशवीआड गुडघ्यावर ठेवून अंगठ्यानं सरळ करत बसल्या. घडीवर अंगठा, घडीवर अंगठा. नोट वाळली तशी घडीची रेघ पांढरी उठून दिसायला लागली, बरोबर त्या छापलेल्या माणसाच्या नाकावरून.

"जाईल ना ती?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"माझी सासू लोकांच्या लुंग्यांना इस्त्री करते. कसली चुरगळलेली असू दे, सपाट होते. इस्त्री आणतो मी."

त्या घडीवर अंगठा फिरवतच राहिल्या. मी त्याला होकार समजलो. चूक माझी. ती मी कुणावर ढकलणार नाही.

पाच वाजता आम्ही पोचलो. मी धावत जाऊन कोळशाची इस्त्री आणली. सयामा इलोनाच्या खोलीत गेल्या होत्या, तिची बॅग भरायला. मी टेबलावर फडकं पसरलं, पाचही नोटा एकावर एक ठेवल्या, वर ओलं कापड टाकलं आणि दाबली. वाफ निघाली. छान वाटलं. रेघ जरा पुसट झाली. मला जोर आला. वरचं कापड काढून मी थेट दाबली, अजून जरा, अजून जरा. माझ्या मनात आलं की सयामा बघतील आणि म्हणतील, थाऊन, शंभरपैकी शंभर.

वास आला तेव्हा मी हात उचलला. वरच्या नोटेवर इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग उमटला होता. तो खालच्या नोटेवरही होता. त्याच्या खालच्याही. पाचव्या नोटेवर फिकट, पण होता.

मी पन्नाशीला आलोय. बायको सोडून गेली तेव्हा रडलो नव्हतो. त्या टेबलाशी उभा राहून रडलो.

सयामा बाहेर आल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पंजा पुढे केला. खरंच केला, शाळेत करायचो तसा. त्यांनी मारलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून पस्तीस झाले होते.

"रडणं बंद कर आणि स्टूल आण," त्या म्हणाल्या.

मी स्टूल आणलं. त्या त्यावर चढल्या आणि बोधगयेचं चित्र खिळ्यावरून उतरवलं. टेबलावर पालथं ठेवलं. मागचे छोटे खिळे एकेक करून सुरीनं उचकटले, पुठ्ठा काढला. चित्र आणि पुठ्ठा यांच्यामध्ये आठ नोटा होत्या. इतक्या सपाट, की त्या चित्राचाच भाग वाटाव्यात. अकरा वर्षं रोज त्यांनाही हात जोडले जात होते.

"सयामा, नका," मी म्हटलं. "बुद्धाला बोलल्यात तुम्ही."

"बुद्धाला दोन्ही डोळे आहेत. त्याला दिसतंय."

त्यांनी पाच मोजल्या, वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवल्या. उरलेल्या तीन परत आत गेल्या. खिळे ठोकताना त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती.

इलोना उशीवर डोकं न हलवता पडली होती. सयामांनी पुठ्ठा तिच्या हातात दिला. "तुमचे पैसे. घडी घालू नका."

तिनं नोटांवरून बोटं फिरवली, एकेकीवरून, सावकाश.

"ह्या माझ्या नाहीत," ती म्हणाली. "माझी एक जरा मऊ होती. चाळीस वर्षं कापड चाचपतेय मी."

"तापात माणसाला काहीही वाटतं."

"मला ताप नाही."

"येईल. चला, बस सुटेल."

त्या तिच्याबरोबर यांगूनपर्यंत गेल्या, रात्रभर तिचं डोकं आपल्या खांद्याला टेकवून धरलं, विमानात चढवलं आणि परत येऊन टेबलामागे बसल्या. नऊ दिवसांचे पाच उरले होते. पौर्णिमेला यात्रा कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचे डाग पडलेल्या पाच नोटा कुणी घेणार नव्हतं. त्यांची जागा सोनाराच्या सासूला मिळाली. मी दारात उभा होतो. आत जायचं धाडस झालं नाही. काय बोलणार? माफ करा हा शब्द माझ्या तोंडाला लहान पडत होता.

पावसाळ्यात पत्र आलं. जाड पाकीट, वर मोठ्या अक्षरात पत्ता. सयामांनी मला हाक मारली आणि माझ्यासमोर फोडलं. इलोनानं लिहिलं होतं: डोळा वाचला. हे पत्र मी स्वतःच लिहितेय आणि स्वतःच वाचून बघतेय. तुम्ही खोटं बोललात, आणि ते तुम्हाला अजिबात जमत नाही.

पत्राच्या आत पाच नोटा होत्या. नव्या कोऱ्या, बँकेतून आणलेल्या. आणि पाकिटात बसाव्यात म्हणून पत्राबरोबर तीन घड्या घातलेल्या.

सयामा हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि मग हसू थांबलं तरी डोळे पुसणं थांबेना.

"सोनाराची सासू सांगत होती," त्या म्हणाल्या, "तिकडे भारतात बँकाच नोटांना टाचण्या मारतात. भोकं पडतात, तरी कुणी काही म्हणत नाही."

"मग तिथे चालतील की ह्या."

"तिथे चालतील रे. पण तिथवर पोचायला इथे सपाट लागतात."

त्या दिवशी मी त्यांच्याकडे एक घडीची नोट मागितली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मी कामाला लागलो. देश सोडून चाललेला पाहुणा असला की मी त्याला स्टेशनपर्यंत न्यायचो आणि वाटेत विनवायचो: तुम्ही चाललात, तुमच्याकडे एखादी सपाट उरलीय का? ही घडीची घ्या, तुमच्या देशात तेवढीच किंमत. लोकांना संशय यायचा. मी साइडकारवाला, माझ्या तोंडावर विश्वास कोण ठेवणार? त्या फळ्यानंच माझी अब्रू घालवली होती. दहांतले नऊ हसायचे आणि चालू लागायचे. दहावा थांबायचा. मिळाली की मी सायकल चालवायचो नाही. नोट दोन पुठ्ठ्यांत, पुठ्ठा दोन हातांत, आणि साइडकार पोटानं ढकलत गेस्टहाउसपर्यंत चालत यायचो. पाच नोटांना सात महिने लागले. शेवटची पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मिळाली.

सयामांना गाडीवर सोडायला मीच गेलो. पांढरा सदरा, एक छोटी पेटी, हातात कापडी पिशवी. साइडकारमध्ये त्या मागे तोंड करून बसल्या, गाव बघत. एकदाच बोलल्या. "डावीकडून घे, उजवीकडे खड्डे आहेत."

स्टेशनवर उतरल्यावर त्यांनी पाचशे च्याट पुढे केले.

"राहू द्या, सयामा."

"फळ्यावर लिहिलंय."

मी घेतले. आमच्या नोटेला घडीचं काही वावडं नाही, ती दहा हातांतून चुरगळूनच येते. तीही तशीच होती, मळकी, मऊ. ती मी अजून खर्च केलेली नाही. घरी भिंतीवर एक कॅलेंडर आहे, त्याच्यामागे सपाट ठेवलीय.